वऱ्हाडच्या मैदानी खेळांची वाटचाल : कामरगावच्या पटांगणापासून बर्लिनपर्यंत

कपाशी, तूर आणि सोयाबीन ही वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्याची प्रमुख पिके. कामरगाव याच तालुक्यात वसले आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी हा सारा प्रदेश अकोला जिल्ह्यात मोडत असे. शासकीय सीमा बदलल्या, तरी वऱ्हाड ही या भागाची जुनी ओळख कायम राहिली आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम हे पाचही जिल्हे त्या ओळखीत सामावतात. वऱ्हाडचे नाव निघाले की पांढरे सोने म्हणून गौरविलेला कापूस सहज आठवतो. परंतु या प्रदेशाची आणखी एक मिळकत आहे आणि तिचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. ती म्हणजे मैदानी खेळांची परंपरा.

या परंपरेचा विस्तार लहानसहान नाही. कामरगावसारख्या गावातील मुले शाळेच्या पटांगणात ज्या खेळांनी घामाघूम होतात, त्यांतील कबड्डीचे प्रात्यक्षिक १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या परदेशी प्रेक्षकांनी पाहिले. ते सादर करणारे पथक शेजारच्या अमरावतीचे होते. खेड्यातील खेळ जगाच्या मैदानावर कसा पोहोचतो आणि तेथे टिकून राहण्यासाठी खेड्यात काय असावे लागते, हे समजून घेण्यास वऱ्हाडाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

शेतीच्या वेळापत्रकाशी जुळलेले खेळ

ग्रामीण भागातील खेळांचे वेळापत्रक शेतीने ठरविले आहे. पेरणी आटोपून पिके वर आली की श्रावणात नागपंचमी येते आणि गावोगावच्या आखाड्यांत माती उकरली जाते. पोळ्याच्या सुमारास कुस्त्यांची आमदंगल भरते. खरिपाचा माल घरात आला, हवेत गारठा आला, की कबड्डी आणि खो-खोच्या सामन्यांचे दिवस सुरू होतात. शालेय स्पर्धाही याच काळाच्या आसपास होतात. यात्राजत्रांच्या दिवसांत अनेक गावांत शंकरपटाला गर्दी लोटते. बैलांच्या शर्यतींवर काही वर्षे असलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त उठविली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. त्यानंतर नियमांच्या चौकटीत शंकरपट पुन्हा भरू लागले आहेत.

या भागातील खेळांवर जमिनीच्या गुणधर्माचाही परिणाम झालेला आहे. कापसाची काळी माती पावसात फुगते आणि चिकट होते. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. म्हणजेच जी माती पिकाला पोसते, ती खेळाडूच्या पायाला मात्र दगा देते. पावसाळ्यात तिच्यावर पाय ठरत नाही आणि उन्हाळ्यात भेगेत पाय अडकून घोटा मुरगळण्याची भीती असते. म्हणून वऱ्हाडात मैदान आपोआप मिळत नाही, ते तयार करावे लागते. वरचा मातीचा थर काढून मुरूम पसरावा लागतो, त्यावर पाणी मारून रोलर फिरवावा लागतो आणि पाणी वाहून जाण्यासाठी कडेला हलका उतार ठेवावा लागतो. हे काम एकदा करून भागत नाही. दर पावसाळ्यानंतर त्याची डागडुजी करावी लागते. पुढील सर्व विवेचनात हा साधा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

अमरावतीची व्यायामशाळा

वऱ्हाडातील खेळांना संघटित रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे जाते. अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ साली ही संस्था स्थापन केली. परकी सत्तेच्या काळात तरुणांचे शरीर आणि मन कणखर व्हावे, हा त्यामागील हेतू होता. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती आणि देशी सांघिक खेळ यांचे पद्धतशीर शिक्षण येथे दिले जाऊ लागले. त्यापूर्वी हे खेळ गावोगाव खेळले जात होतेच. मंडळाने ते शिकविण्याची रीत बसविली आणि शिकविणारी माणसे तयार केली, हे त्याचे वेगळेपण होय.

या कार्याची फलश्रुती १९३६ मध्ये दिसून आली. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले होते. भारताच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच वेळी मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली, ही गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही. हे खेळ ऑलिंपिकच्या स्पर्धेत समाविष्ट नव्हते, त्यामुळे त्यांना पदक मिळण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु ज्या खेळांना त्या काळी आपल्याच देशातील सुशिक्षितांपैकी अनेकजण गावंढळ समजत असत, ते खेळ जगापुढे मांडण्याइतके मोलाचे आहेत, असा विश्वास त्या पथकाने दाखविला. पुढे १९४९ मध्ये स्वीडनमधील स्टॉकहोम येथे झालेल्या लिंगियाड या व्यायाम महोत्सवातही मंडळाने भाग घेतला. मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेले शिक्षक आज राज्याच्या आणि देशाच्या अनेक भागांत काम करीत आहेत.

हुतुतूची कबड्डी झाली

एकच खेळ निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या नावांनी आणि नियमांनी खेळला जात असेल, तर दोन गावांचा सामनाही भांडणावाचून पार पडत नाही. महाराष्ट्रात हुतुतू म्हणून आणि दक्षिणेत चेडुगुडू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाची हीच अडचण होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील व बडोद्यातील व्यायामसंस्थांनी त्याचे नियम लिहून काढण्यास आरंभ केला. मैदानाची मापे ठरली, खेळाडूंची संख्या ठरली, बाद कोणाला म्हणावे हे ठरले. आणि मग हा खेळ गावाची वेस ओलांडू शकला.

आज पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, तर महिलांचे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते. प्रत्येक संघाचे सात खेळाडू मैदानात उतरतात. चढाई करणाऱ्याला ३० सेकंदांची मुदत असते आणि तेवढ्या वेळात 'कबड्डी' हा उच्चार त्याने अखंड चालू ठेवावा लागतो. पुरुषांच्या खेळात मध्यरेषेपासून ३ मीटर ७५ सेंटिमीटर अंतरावर निदानरेषा असते. चढाईपटूने कोणालाही न शिवता परत यायचे असल्यास ही रेषा एकदा तरी ओलांडणे बंधनकारक आहे. या नियमामुळे मध्यरेषेजवळ रेंगाळून वेळ काढणे शक्य होत नाही. निदानरेषेच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा असते. समोर सहा किंवा अधिक खेळाडू असताना ती ओलांडणाऱ्यास जादा गुण मिळतो. प्रतिस्पर्ध्यांचे सर्व खेळाडू बाद केले की लोण चढतो आणि दोन अधिक गुण पदरात पडतात. धाडसाला गुण आणि चुकारपणाला शिक्षा, असे हे नियमांचे सूत्र आहे.

या खेळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणारे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. तेव्हापासून २०१४ पर्यंत सलग सात वेळा भारतीय पुरुष संघाने सुवर्णपदक जिंकले. महिलांचा समावेश २०१० मध्ये झाला आणि पहिली दोन्ही सुवर्णपदके भारतीय महिलांनी मिळविली. २०१२ मध्ये पाटणा येथे झालेला महिलांचा पहिला विश्वचषकही भारताने जिंकला. त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तीन कन्या होत्या.

मात्र परंपरा हा विजयाचा कायमचा दाखला ठरत नाही. २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने पुरुषांच्या उपांत्य आणि महिलांच्या अंतिम सामन्यात भारताला हरविले. हा खेळ शिकणाऱ्यांनी तो शिकविणाऱ्यांवर मात केली होती. २०२३ मध्ये हांगझौ येथे भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळविली खरी, परंतु महिलांचा अंतिम सामना २६-२५ असा अवघ्या एका गुणाने जिंकावा लागला. पुढचा मार्ग सोपा नाही, याची जाणीव करून देण्यास हा एक गुण पुरेसा आहे.

खो-खो : बसलेल्या धावकांचा खेळ

खो-खो हा अस्सल महाराष्ट्रीय खेळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास त्याचे नियम तयार केले. त्याचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. दोन टोकांना दोन खांब रोवलेले असतात. मधल्या पट्ट्यावर आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पळणारे तिघे एका वेळी मैदानात उतरतात. पाठलाग करणाऱ्याला मधली ओळ भेदून पलीकडे जाता येत नाही किंवा दिशाही बदलता येत नाही. त्यासाठी त्याने बसलेल्या सोबत्याला खो द्यावयाचा असतो. त्यामुळे एकट्याच्या वेगावर येथे सामना जिंकता येत नाही. योग्य क्षणी धाव दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, हेच या खेळातील खरे कसब आहे.

या खेळाला साहित्य जवळजवळ लागत नाही. दोन खांब आणि चुन्याच्या रेघा एवढ्यावर भागते. म्हणूनच तो गरिबांच्या शाळेत रुजला आणि मुलींमध्ये विशेष लोकप्रिय झाला. धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे हिने हलाखीच्या परिस्थितीतून वर येऊन भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळविला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम फेरीत भारतीय महिलांनी नेपाळवर ७८-४० असा, तर पुरुषांनी नेपाळवरच ५४-३६ असा विजय मिळविला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही विजयी कर्णधार महाराष्ट्राचे आहेत.

मल्लखांब आणि कुस्ती

मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात आढळतो. परंतु त्याला आजचे रूप देण्याचा मान दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांच्याकडे जातो. मूळ उद्देश मल्लांच्या सरावाचा होता. खांबाशी झुंजताना मिठीची ताकद, लवचिकपणा आणि तोल या तिन्ही गोष्टी एकदम साधतात. पुरलेला मल्लखांब, टांगता मल्लखांब आणि दोरीचा मल्लखांब असे त्याचे तीन प्रमुख प्रकार आहेत. खांब गुळगुळीत सागाचा किंवा शिसवाचा करतात आणि त्याला एरंडेल लावतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आता 'खेलो इंडिया' युवा स्पर्धांतही या खेळाला स्थान मिळाले आहे.

कुस्तीच्या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास अधिक बोलका आहे. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. खाशाबा मातीत घडले होते. १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांना नवखी होती, तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. हेलसिंकीच्या प्रवासासाठी पैसा उभा राहीना, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून मदत केली. पुढील वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, वाट पाहावी लागली. महाराष्ट्राच्या खेळाडूला तर थेट २०२४ मध्ये पॅरिस येथे दुसरे वैयक्तिक पदक मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने रायफल नेमबाजीत ते कांस्यपदक जिंकले. दोघेही खेड्यात वाढलेले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा केला जातो.

पायवाटेवरचे धावपटू

धावण्याच्या शर्यतीत महाराष्ट्राचे नाव उज्ज्वल करणारे खेळाडूही बहुतांशी डोंगराळ अथवा अवर्षणप्रवण भागांतील आहेत. नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पाड्यावर वाढलेल्या कविता राऊत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर मूळची खो-खोपटू. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून तिने दहावा क्रमांक मिळविला. भारतीय महिला धावपटू ऑलिंपिकमधील धावण्याच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचण्याची ही बत्तीस वर्षांतील पहिलीच वेळ होती. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यानंतर धावपटू म्हणून पुढे आला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंद या वेळेसह रौप्यपदक मिळविले. या शर्यतीची सर्व पदके १९९८ पासून केनियाच्या धावपटूंकडेच जात होती. ती परंपरा त्याने खंडित केली. २०२३ मध्ये हांगझौ येथे त्याने आशियाई सुवर्णपदकही पटकाविले.

वऱ्हाडातील तरुणांमध्येही धावण्याची आवड वाढत आहे. मात्र तिला एक व्यावहारिक कारण आहे. राज्य पोलीस दलाच्या भरतीत शारीरिक चाचणीसाठी मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यामुळे पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली गावोगाव दिसतात. ही उमेद कौतुकास्पद असली, तरी हा सराव धोक्याचा आहे. रस्त्यावरून भरधाव वाहने जात असतात आणि कठीण डांबरावर रोज धावल्याने गुडघे व नडगी दुखावतात. शिवाय अंधारात रस्त्यावर जाण्याची परवानगी अनेक मुलींना घरून मिळत नाही. गावात धावण्याजोगे मैदान असेल, तर या तिन्ही अडचणी एकाच वेळी दूर होतात.

नवे खेळ, जुनी भूमी

परंपरेच्या या प्रदेशाने नवे खेळही आत्मसात केले आहेत. नागपूरचा ओजस देवतळे ऑगस्ट २०२३ मध्ये कंपाउंड प्रकारच्या तिरंदाजीत जगज्जेता झाला. अंतिम सामन्यात त्याने १५० पैकी १५० गुण मिळविले. त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके जिंकली. त्यांपैकी पुरुषांच्या सांघिक सुवर्णात त्याच्या बरोबरीने वऱ्हाडातील बुलढाण्याचा प्रथमेश जावकर होता. ओजसने जागतिक विजेतेपद मिळविले ते बर्लिन शहरातच. १९३६ मध्ये अमरावतीच्या पथकाने जेथे देशी खेळांची ओळख करून दिली, त्याच शहरात सत्त्याऐंशी वर्षांनंतर विदर्भाचा एक तरुण जगात पहिला आला.

मध्य आशियातील एक उदाहरण

आपले देशी खेळ जपावेत की ऑलिंपिकचे खेळ शिकवावेत, असा वाद अधूनमधून होत असतो. मध्य आशियातील किर्गिझस्तान या लहानशा डोंगराळ देशाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरेल. तेथील कोक-बोरू हा घोड्यावरून खेळला जाणारा लोकखेळ भटक्या पशुपालकांच्या जीवनातून आला आहे. २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. या देशाने २०१४ मध्ये इसिक-कूल सरोवराच्या काठी चोलपोन-अता येथे पहिल्या जागतिक भटक्या जमाती क्रीडास्पर्धा भरविल्या. पुढे त्या तुर्कस्तान आणि कझाकस्तानातही झाल्या. लोकखेळ जपणाऱ्या याच देशाची महिला मल्ल ऐसुलू तिनिबेकोवा हिने टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक आणि पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळविले. लोकखेळ आणि आधुनिक खेळ परस्परांच्या आड येत नाहीत, हेच यावरून दिसते. खो-खो खेळलेली ललिता बाबर ऑलिंपिकची धावपटू झाली, हाही त्याचाच पुरावा.

एका एकराचा हिशेब

वर उल्लेखिलेल्या सर्व पराक्रमांचा आरंभ कोणत्या ना कोणत्या गावातील मोकळ्या जागेवर झाला आहे. आज ती मोकळी जागाच कमी होत चालली आहे. गाव वाढते तशी पटांगणाच्या कडेने बांधकामे होतात. उरलेल्या जागेत कडबा, गाड्या किंवा बांधकामाचे साहित्य येऊन पडते. दोन पावसाळे डागडुजी झाली नाही की काळी माती वर येते, गवत माजते आणि मैदान नावापुरते उरते. याचा पहिला फटका मुलींना बसतो. मुले दुसरी जागा शोधतात, रस्त्यावर किंवा शेतात खेळतात. मुलींना ती मोकळीक नसते. दहावीनंतर ज्या मुलींचे खेळणे थांबते, त्यांपैकी कित्येकींच्या अंगी गुण नसतात असे नाही; त्यांना खेळण्यासाठी सुरक्षित जागा उरलेली नसते.

गरज मात्र अवाढव्य नाही. कबड्डीच्या मैदानाचे क्षेत्रफळ १३० चौरस मीटर आणि खो-खोच्या मैदानाचे ४३२ चौरस मीटर. दोन्ही मिळून सहा आरदेखील होत नाहीत. पन्नास मीटरच्या दोन सरळ बाजू आणि सुमारे १५ मीटर ९० सेंटिमीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे आखली, की दोनशे मीटरची धावपट्टी तयार होते. दोन खुंट्या, एक दोरी आणि चुना एवढ्या साहित्यावर ती आखता येते. चार मार्गांची अशी धावपट्टी एका एकराच्या आत बसते आणि तिच्या मधल्या मोकळ्या जागेत कबड्डी व खो-खो ही दोन्ही मैदाने सहज मावतात. पोलीस भरतीची १,६०० मीटर धाव म्हणजे या पट्टीचे आठ फेरे आणि मुलींची ८०० मीटर धाव म्हणजे चार फेरे. एका कोपऱ्यात मल्लखांब पुरला आणि आखाड्याची माती टाकली, की याच लेखात वर्णिलेले बहुतेक सर्व खेळ एका एकरात नांदू शकतात.

वऱ्हाडातील अनेक गावांच्या शिवारात ई-क्लास जमीन आहे, शाळांची पटांगणे आहेत. क्रीडा विभागाच्या क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अनुदान योजना आहेत; त्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते. गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय सेवेत पाच टक्के आरक्षणाची तरतूद आहे आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडागुणांची सवलत आहे. परंतु अनुदानाने मुरूम येतो, तो दर वर्षी दाबून घेण्याची जबाबदारी गावाची असते. मैदानाची हद्द ग्रामसभेत ठराव करून निश्चित करणे, पावसाळा संपताच श्रमदानाने डागडुजी करणे, सायंकाळचा ठरावीक वेळ मुलींसाठी राखून ठेवणे आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला त्याच्या तासिकेचा वेळ पूर्ण मिळू देणे, ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत.

वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये आपल्या कार्याला आरंभ केला तेव्हा त्यांच्यापाशीही फारसे साधन नव्हते. होती ती मोकळी जागा, तरुणांचा मेळा आणि रोज शिकविण्याची चिकाटी. बावीस वर्षांनी त्या कार्याची दखल बर्लिनमध्ये घेतली गेली. कामरगावच्या पटांगणावर आज खो देणारी एखादी मुलगी उद्या कोठवर पोहोचेल, हे कोणीच सांगू शकणार नाही. तिच्या पायाखालचे एक एकर मात्र सपाट, कोरडे आणि मोकळे राखता येईल, आणि ते काम सर्वस्वी गावाच्या हातचे आहे.